दाखवायला आणलेले चार लाख

माझ्या भावाला वर्षातून एकदा दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, तो म्हातारा आहे. दोन, त्याच्याकडं पैसे आहेत. दाखवायच्या त्या थायलंडच्या सरकारला. म्हातारपण दाखवायला काही कष्ट नाहीत, ते तोंडावर दिसतं. पैशाचं अवघड. तिथल्या बँकेत, त्याच्या एकट्याच्या नावावर, तिथले आठ लाख शिल्लक पाहिजेत. म्हणजे आपले वीस-बावीस लाख. तेवढे दिसले की काम सोडलेल्या परक्या माणसाला ते लोक आणखी एक वर्ष राहू देतात आणि पासपोर्टवर शिक्का मारतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तो तिकडं गेला साखरेमुळं. इथल्या कारखान्यात तो आधी बॉयलरवर उसाचा भुसा ओढायचा, मग पॅनमन झाला. पॅनमन म्हणजे उसाचा पाक उकळत असताना त्यात साखरेचा दाणा कधी धरला ते ओळखणारा माणूस. काचेच्या तुकड्यावर थेंब घ्यायचा, उजेडात धरायचा आणि सांगायचं. त्याला शाळा नाही लागत, नजर लागते. त्याची नजर चांगली होती. त्याची बायको लग्नाच्या चौथ्या वर्षी काविळीनं गेली, लेकरू नव्हतं. मग तो आधी आफ्रिकेत गेला आणि तिथून थायलंडच्या कारखान्यात. काम सुटलं तरी परत आला नाही.

का आला नाही ते गावाला सांगितलं नव्हतं, मला माहीत होतं. कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाई भात आणि कालवण विकायची. तिच्याकडं तो जेवायला जायचा. पुढं तिच्याच घरी राहायला लागला. बारा वर्षं झाली. मी एकदा फोनवर सरळ विचारलं, "लगीन तरी कर की."

"कसं करू? तिचा नवरा वीस वर्सांपासून परागंदा हाय. मेला का जिता, पत्ता न्हाई. कागदावर ती अजून त्याचीच बायको हाय."

"आन घर?"

"घर तिच्या नावावर. हितं परक्याला जागा घेता येत न्हाई."

म्हणजे तिथं त्याचं असं काहीच नव्हतं. बाई त्याची नाही, घर त्याचं नाही. बँकेतले आठ लाख तेवढे त्याचे, आणि त्यांना हात लावायचा नाही.

मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई शेतात जायची तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा, त्याच्यामुळं माझी शाळा चौथीत सुटली. याचं मला फार वाईट वाटलं असं नाही. पण म्हातारपणी तो माझ्या दारात असावा असं मला वाटायचं. मालक गेले, लेक जिंतूरला दिली. घरात मी एकटी. मागची खोली मी त्याच्यासाठी झाडून ठेवलेली होती. त्या खोलीत मी कांदेसुद्धा ठेवले नाहीत.

दसरा झाल्यावर त्याचा फोन आला. माझ्या फोनमध्ये माणूस दिसतं. तो दिसत होता आणि मागं खाटेवर ती बाई दिसत होती. तिनं पडल्यापडल्या मला हात जोडले. मी जोडले नाहीत.

"अक्का, अवंदा चार लाख कमी पडायलेत. आपले चार."

"कशानं?"

"हिचं खुब्याचं हाड मोडलं. न्हाणीत घसरली. ऑपरेशनला गेले."

"तिचे लोक न्हाईत का?"

"मीच हाय की."

मग विचारलं, "न्हाई दाखवले तर?"

"तर हाकलतेत."

त्यानं मला नियम नीट सांगितला. घाईनं नाही, दोनदा सांगितला. शिक्का पौषात बसणार. त्याच्या आधी दोन महिने सगळे पैसे बँकेत पडून पाहिजेत. शिक्का बसल्यावरही तीन महिने त्यातला एक रुपया काढायचा नाही. त्यानंतर निम्म्यापर्यंत काढले तर चालतात.

"दाखवायलाच पायजेत ना?" मी म्हटलं. "खर्चायचे न्हाईत?"

"दाखवायलाच. पर पाच महिने, अक्का. दाखवले आन काढले असं न्हाई."

दाखवायला हा शब्द आमच्या घरात जुना आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा माझे वडील सासरचं घर बघायला आले. पाव्हणे येणार म्हणून सासऱ्यांनी शेजारच्या वाडीवरून दोन बैल आणून दावणीला बांधले. घरचे दोन आणि हे दोन, असे चार. वडिलांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला, दात बघितले आणि सुपारी फोडली. लग्न होईपर्यंत ते बैल दावणीलाच ठेवले. लग्न झालं, मी नांदायला आले. माझा दीर तेव्हा सात वर्षांचा होता, तरी मला त्याला भाऊजी म्हणावं लागे. पहिल्याच दिवशी त्यानं मला गोठ्यात नेलं आणि बोट दाखवून सांगितलं, "वैनी, हे दोन आमचे न्हाईत. उद्या जाणार हायत." दुसऱ्या दिवशी वाडीवरचा गडी आला आणि बैल सोडून घेऊन गेला. मी दारात उभी होते. सासू म्हणाली, "बरं झालं, वैरण वाचली."

कुणाला त्यात काही खोटं वाटलं नाही. सगळेच करायचे. आजही करतात. लग्नात गळ्यात घातलेलं सोनं निम्मं शेजारणीचं असतं. सोसायटीत, पतपेढीत कुणाला शिल्लक दाखवायची असली की चार ठिकाणचे पैसे एक दिवस एका पुस्तकात येतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी जातात. मागणाराला माहीत असतं, देणाराला माहीत असतं, बघणारालाही माहीत असतं.

आता एक गोष्ट इथंच सांगते, म्हणजे पुढं लपवल्यासारखं होणार नाही. माझ्याकडं पैसे होते. आमच्या शेतातून मोठा रस्ता गेला. मोबदला मिळाला, तो मालकांच्या माघारी निम्मा माझ्या नावावर आणि निम्मा दिराच्या. माझे नऊ लाख बँकेत मुदतीनं ठेवलेले होते. चार द्यायला मला जड नव्हतं. मी दिले नाहीत. त्याला सांगितलंही नाही की माझ्याकडं आहेत. त्या बाईच्या हाडासाठी माझ्या नवऱ्याची जमीन का जावी, असं मला वाटलं. आणि दुसरं असं वाटलं की नाही जमलं तर येईल परत.

पण नाही म्हणायलाही तोंड उघडेना. म्हणून मी दिराकडं गेले.

दीर आता सत्तरीला आलाय. ताडकळसचा बाजार करून आला होता, ओसरीवर बसून वांगी पिशवीतून काढत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, पैसे तर तुमच्याबी नावावर हायत की."

"माझे मुदतीचे हायत. मोडले तर व्याज बुडतंय."

"आन माझं न्हाई बुडत?"

"तुमचे साध्या खात्यात झोपलेत. तिथं झोपले काय आन थायलंडात झोपले काय."

तो हसला. वांगं हातात तसंच. "म्हंजी बैल दाखवायला पायजेत म्हणा की."

"हां. तसंच."

"कवा सोडायचे?"

"शिक्का बसला की," मी म्हटलं.

पुढचे तीन महिने मी सांगितले नाहीत. विसरले नाही. सांगितलं असतं तर त्यानं दिले नसते, एवढंच. आणि मला खरंच वाटत होतं की शिक्का बसल्यावर कोण कशाला बघतंय. वडिलांनी तरी लग्न झाल्यावर पुन्हा येऊन बैल मोजले होते का?

दिरानं बँकेत जाऊन कागद केले, पैसे भावाच्या इथल्या खात्यात टाकले, तिथून ते तिकडं गेले. संक्रांतीच्या आत शिक्का बसला. भावानं फोनवर पासपोर्टचं पान धरून दाखवलं. निळा शिक्का, त्यावर किड्यामुंग्यांसारखं अक्षर. मागं ती बाई खुर्चीत बसलेली होती, आता पडलेली नव्हती. तिच्यापुढं चार पायांचं लोखंडी वॉकर होतं. त्याला धरून ती चालायला शिकत होती.

"आज पाच पावलं टाकली," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं.

माघ सरता सरता दीर माझ्या दारात आला. आत आला नाही, पायरीवरच बसला. पाणी दिलं ते घेतलं.

"वैनी, घराचं सेंट्रिंग लागलंय. गिट्टी येऊन पडलीय. पुढच्या हप्त्यात स्लॅब टाकायचाय."

"टाका की."

"बैल सोडा आता."

शिक्का बसून दोन महिनेसुद्धा झालेले नव्हते. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "शिक्का बसला म्हणालात की तुमी."

"बसला."

"मंग?"

"सांगते त्याला."

"सांगा. मी तुमच्या शब्दावर दिलेत. तुमच्या भावाला मी वळखत बी न्हाई नीट." तो उठला. "सळई मागच्या महिन्यातच घिऊन ठिवलीय, गंज चढायलाय."

तो गेल्यावर मी पायरीवर बसले. आत कपाटात माझी बँकेची पावती होती. उठून गेले असते, मोडली असती, दिराचे चार लाख दुसऱ्या दिवशी दिले असते. दोघांचंही भागलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर कळलं असं नाही. मी पावती काढली नाही. फोन केला.

"अक्का, तीन महिने म्हणलो होतो की तुला," भाऊ म्हणाला. "दोनदा सांगितलं."

"शिक्का बसला ना?"

"बसला."

"मग आता कोण मोजायला यायलंय? माझा शब्द गेलाय तिथं. त्याचं सेंट्रिंग लागलंय. माझी इज्जत जायलीय हितं."

मागं वॉकरचा आवाज येत होता, ठक, मग पाय ओढल्याचा, मग ठक.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो न्हाई. आठ दिवसांत पाठव."

सहाव्या दिवशी पैसे आले. दिराचा स्लॅब पडला. मला त्यांनी जेवायला बोलावलं, पुरणपोळी होती. मी जेवले.

भावानं तिथं ओळखीपाळखीनं चार लाख पुन्हा भरायची खटपट केली. काही जमले, काही नाही. जमले तरी उपयोग नव्हता, कारण पुस्तकात एकदा खाली गेलेला आकडा खालीच छापलेला राहतो. शिक्का मारताना त्या लोकांनी त्याला सांगितलेलं होतं की तीन महिन्यांनी बँकेचं पुस्तक घेऊन पुन्हा ये. चैत्रात तो गेला. त्यानं नंतर मला सांगितलं की तिथला अंमलदार तरुण होता, एक शब्द बोलला नाही. अंगठ्याला रबराची टोपी घालून एकेक पान उलटत गेला. एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं आणि पुस्तक वळवून याच्यापुढं केलं. मग आतून एक कागद आणला. सात दिवसांत देश सोडायचा.

तो चुडाव्याच्या स्टेशनावर पॅसेंजरमधून उतरला तेव्हा वैशाखाचं ऊन होतं. एक बॅग. पाय सुजलेले. मी रिक्षा सांगून ठेवली होती. घरी आणलं, मागच्या खोलीत नवी गादी घातलेली होती, कूलर लावलेला होता. मला बरं वाटलं. त्याचं सगळं तिकडं मोडलं होतं आणि मला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही.

गावातले लोक बघायला आले. चहा प्यायचे, त्याच्याकडं बघायचे. एक म्हातारा बिडी विझवत म्हणाला, "काय गड्या, बाई आणली न्हाई का संगं? आमीबी बघितली असती."

"तिला चालता येत न्हाई," भाऊ म्हणाला.

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. सकाळी उठायचा, अंगण झाडायचा, तूर निवडू लागायचा. माझं भाकरीचं पीठ दळून आणायचा. पण रोज सकाळी सहाला तो खोलीत फोन घेऊन बसायचा. तिकडं तेव्हा साडेसात वाजतात. शेजारची बाई येऊन तिथं फोन धरायची आणि ती खाटेवरून उठून वॉकर धरायची. हा इथून मोजायचा. त्यांच्या बोलीत. नुंग, सोंग, साम, सी, हा. मी चुलीपाशी असायचे, मला ऐकू यायचं. आठ-दहा दिवसांत मला ते आकडे पाठ झाले. नुंग म्हणजे एक. हा म्हणजे पाच. सिप म्हणजे दहा.

तो आला तेव्हा बारा व्हायचे. तेरा पावलांवर तिची न्हाणी होती, एवढंच तिला गाठायचं होतं. ज्येष्ठात ते दहावर आले. मग आठ. तिची बहीण लांब राहायची, महिन्यातून एकदा यायची. शेजारीण सकाळची येऊन जायची. बाकी दिवसभर ती पडून. पडून राहिलं की पाय विसरतात, हे मी माझ्या सासूचं बघितलेलं आहे. आषाढात पाच झाले.

मी भाकरी थापता थापता मोजायचे. मला मोजायचं नव्हतं, पण कानावर यायचंच.

श्रावणातल्या एका सकाळी तो म्हणाला, "नुंग." मग गप्प. बराच वेळ गेला. पुन्हा म्हणाला, "नुंग." पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज बारीक झालेला होता. मग त्यांच्या बोलीत काहीतरी हळू बोलला आणि फोन ठेवला. बाहेर आला, तोंड धुतलं आणि सूप घेऊन तूर निवडायला बसला. रोजच्यासारखा.

मी तवा उतरवला आणि त्याच्यापुढं जाऊन बसले.

"माझ्यावर राग हाय का तुझा?"

"तुला तीन महिने सांगितले होते, अक्का." तुरीतला खडा काढून त्यानं बाजूला टाकला. "तुझ्याकडं रस्त्याचे पैसे होते ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या दिरानं. सहज बोलता बोलता."

"होते."

"मंग?"

"तू परत यावास असं वाटत होतं."

त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"आलो की," तो म्हणाला.

आणि पुन्हा तूर निवडायला लागला.

मी त्या दिवशी जेवले नाही. उपास नव्हता, भूक नव्हती. माझ्या मनात ते बैल आले. वाडीवरचा गडी त्यांना घेऊन चालला होता तेव्हा त्यातला एक वळून बघत होता. मला तेव्हा वाटलं होतं, माझ्याकडं बघतोय. तसं काही नव्हतं. आमच्या दावणीला चार दिवस वैरण खाल्ली म्हणून तो काही आमचा झाला नव्हता. त्याला त्याच्या गोठ्यात जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं तालुक्याला बँकेत गेले. भावाला म्हटलं, दवाखान्यात जाते. काउंटरवर एक पोरसवदा बाई होती. तिनं पावती उलटसुलट बघितली.

"आजी, मुदत संपायला सात महिने राहिलेत. आत्ता मोडली तर व्याजाचं नुकसान होईल तुमचं."

"माझीच मुदत आधी संपली तर?"

ती हसावं का न हसावं अशी झाली. "अंगठा देता का सही?"

"सही. चौथी शिकलेय मी."

जोडाक्षर काढायला मला अजून वेळ लागतो. ती थांबली. मागं रांग होती, तीही थांबली. लेकीला मी विचारलं नाही. तिला कळल्यावर तिनं दोन महिने फोन केला नाही. तिचंही चुकलं नाही, तिचा वाटा होता त्यात.

घरी आले आणि भावापुढं कागद ठेवला. सहा लाख त्याच्या खात्यात टाकले होते.

"चार लागतेत, अक्का."

"सहा असू दे. काठावर उभा ऱ्हाऊ नको. उद्या तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं तर तू त्यातलेच काढशील."

तो कागदाकडं बघत राहिला. कागदावर फारसं काही नव्हतं, आकडा आणि शिक्का. तरी त्यानं तो पुन्हा पुन्हा वाचला.

"कवा परत करू?"

"परत करायचे न्हाईत."

"दिराला काय सांगशील? लेकीला?"

"ते माझं मी बघते. हे दाखवायचे न्हाईत, तुझे हायत. कुणीबी सोडून न्यायला यायचं न्हाई."

त्याला बैलांची गोष्ट माहीत होती. लहानपणी मीच सांगितली होती. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

पहिल्यापासून सगळं करावं लागलं. नवा अर्ज, पोलिसांचा दाखला, मुंबईच्या चकरा. तो जायला दिवाळी उजाडली. चुडाव्याच्या स्टेशनावर मी सोडायला गेले. गाडी उशिरा होती. बाकावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या.

"आता पुन्हा येऊ नको," मी म्हटलं. "येण्याजाण्यात पैसे मोडतेत. पुस्तकातला आकडा खाली जाईल."

"आन तू मेलीस तर?"

"मेल्यावर मला काय कळणार हाय, तू आलास का न्हाई ते."

"मी आधी मेलो तर?"

"तर तिकडंच जाळतील. त्यांच्यात जाळतेत का पुरतेत?"

"जाळतेत."

"मग झालं."

तो हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले आहेत, हसताना लहानपणीसारखा दिसतो. मी ते बघितलं आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागले. गाडी आली तेव्हा त्यानं माझ्या पायाला हात लावला. गाडी तीन मिनिटं थांबते. तो चढला, बॅग वर ठेवायला आत गेला आणि खिडकीशी येईपर्यंत गाडी सुटली होती. मला त्याचा हात दिसला, तोंड दिसलं नाही.

त्याला आता शिक्का मिळालाय. तीन महिन्यांनी तो पुन्हा पुस्तक घेऊन गेला, त्या रबरी टोपीवाल्या अंमलदारानं पानं उलटली आणि मिटून परत दिलं. दर महिन्याला तो मला पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवायचा, आकडा जागेवर आहे हे दाखवायला. मी सांगितलं, पाठवू नको, मला दाखवायची गरज नाही. तरी दोन महिने पाठवत राहिला. मग थांबला.

फोनवर ती बाई दिसते. मागं एकदा तिनं हात जोडले तेव्हा मीही जोडले. त्या नादात फोन हातातून परातीत पडला. पिठातून काढला तर दोघंही तिकडं हसत होते.

मागच्या खोलीत मी यंदा सोयाबीन भरली आहे. खोली कोरडी आहे, माल चांगला राहतो. नऊ लाखांतले उरलेले लेकीच्या नावावर केले.

मी त्याला पैशाचं विचारत नाही. सकाळी सहानंतर फोन करते आणि एवढंच विचारते, "आज किती?"

परवा नऊ झाली म्हणाला. न्हाणीपर्यंत तेरा लागतात.